पांढरा वर की पांढरा मागे: टाकाऊ वस्तूंतून भित्तिशिल्प घडवताना

टाकाऊ वस्तूंपासून घरासाठी काही घडवायचे ठरले की बहुतेक जण आधी वस्तू गोळा करतात, मग त्या फळीवर चिकटवतात आणि अगदी शेवटी कोणता रंग द्यावा याचा विचार करू लागतात. पांढऱ्या रंगात काम करायचे असेल तर हा क्रम उलटा ठेवावा. पांढरा वस्तूंवर द्यायचा की वस्तूंच्या मागे ठेवायचा, हे सर्वांत आधी ठरवावे, कारण वस्तूंची निवड, त्यांची सफाई, जोडणी, प्रकाशाची दिशा आणि घरातल्या माणसांना त्या कामातून काय जाणवेल, हे सगळे त्या एका निर्णयावर अवलंबून असते. वर दिलेला पांढरा वस्तूची ओळख पुसतो आणि तिचा आकार पुढे आणतो. मागे ठेवलेला पांढरा वस्तूला तिच्या रंगासह, डागांसह आणि झिजेसह जशी आहे तशी समोर मांडतो. पुढील मार्गदर्शन इंदूरच्या मराठी घरांत सहज सापडणाऱ्या वस्तू आणि इथल्या बाजारात मिळणारे साहित्य डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

या दोन्ही वाटांनी फार मोठे काम आधी झालेले आहे. अमेरिकन शिल्पकार लुईस नेव्हेल्सन न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर टाकून दिलेले लाकूड गोळा करीत असत. त्यात खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे कातीव खांब, खोक्यांच्या फळ्या आणि नक्षीकामाचे तुकडे असत. हे सारे त्या लाकडी पेट्यांमध्ये रचीत आणि संपूर्ण रचनेला एकच रंग देत. बराच काळ तो रंग काळा होता; १९५९ मध्ये मात्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील प्रदर्शनासाठी त्यांनी पहाट आणि विवाह या कल्पनांभोवती गुंफलेली, आदीपासून अंतापर्यंत पांढरी अशी रचना उभी केली. तिच्यात कोणता तुकडा खुर्चीचा आणि कोणता कठड्याचा हे शोधत बसावेसे वाटत नाही. नजर उंचवट्यांवर, खळग्यांवर आणि सावल्यांवर फिरत राहते.

दुसरी वाट आपल्या इंदूरची आहे. इंदूरच्या चित्रकला शाळेचे शिक्षक देवळालीकर यांच्या परंपरेत घडलेले चित्रकार विष्णू चिंचाळकर, ज्यांना अवघे शहर गुरुजी म्हणून ओळखत असे, वाळलेली पाने, फांद्या, झाडांच्या साली आणि कुणी टाकून दिलेले तुकडे यांत पक्षी, प्राणी आणि चेहरे पाहत. वस्तूला शक्य तितका कमी हात लावून, तिच्यात जे दडलेले आहे ते दुसऱ्यालाही दिसावे एवढीच व्यवस्था ते करीत. वस्तूवर रंगाचा थर चढवला असता तर त्यांचे म्हणणेच नाहीसे झाले असते. म्हणून माझा साधा नियम असा आहे की, ज्या वस्तूंचे परस्परांशी आणि आपल्याशी काही नाते नाही, त्यांना पांढऱ्याने एकत्र आणावे. आणि जी वस्तू कुणाच्या तरी हाताने झिजली आहे, तिच्यावर रंग घालू नये, तिच्यामागे पांढरे ठेवावे.

आपल्याकडचा पांढरा

पांढरा म्हणजे रिकामा, तटस्थ आणि कुठेही चालणारा रंग, असा समज सजावटीच्या व्यवहारात रूढ झाला आहे. आपल्या घरांत तो तटस्थ कधीच नव्हता. सरस्वतीचे वस्त्र शुभ्र, शंकराला वाहायची फुले पांढरी, कपाळावरचे भस्म पांढरे, दारापुढची रांगोळी पांढरी आणि माणसाला शेवटचे गुंडाळायचे वस्त्रही पांढरेच. ज्ञान, वैराग्य, मंगल आणि शोक हे चारही अर्थ एकाच रंगात राहतात आणि त्यांतला कोणता अर्थ पुढे येईल हे त्या रंगाशेजारी काय ठेवले आहे यावर ठरते.

लग्नातला अंतरपाट पाहावा. ते एक साधे पांढरे कापड असते. त्यावर कुंकवाने स्वस्तिक काढले की ते मंगल होते. अक्षता म्हणजे पांढरे तांदूळच, पण कुंकू लावल्यावर. माळव्यातील मांडण्यात, म्हणजे अंगणात आणि भिंतींवर काढायच्या पारंपरिक चित्रांत, गेरूने सारवलेल्या तांबड्या भूमीवर खडीच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या, रेषा काढतात आणि त्या तांबड्यामुळेच पांढऱ्याला उत्सवाची कळा येते. जे शिल्प आपण घडवणार आहोत त्याच्यासाठी याहून उपयुक्त धडा नाही. पांढऱ्याला एका उष्ण रंगाचा स्पर्श मिळाला की तो घरचा होतो, आणि तो स्पर्श अगदी लहान असला तरी पुरतो.

इंदूरमध्ये पांढऱ्याला आणखी एक अर्थ आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. अहिल्याबाई होळकरांची जी प्रतिमा आपल्या सर्वांच्या मनात आहे तिच्यात त्या शुभ्र वस्त्रात असतात आणि त्यांच्या हातावर शिवलिंग असते. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव पडले. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी राज्य चालवले. त्यांच्या अंगावरचा पांढरा वैधव्याचा होता, हे खरे. पण इंदूरकर त्या पांढऱ्याकडे पाहतो तेव्हा त्याला न्याय, संयम आणि सत्ता हाती असूनही राखलेला साधेपणा आठवतो. वैधव्याचा रंग सर्वत्र पांढराच होता असेही नाही. महाराष्ट्रातील ब्राह्मण कुटुंबांत विधवांच्या वाट्याला लाल आलवण, म्हणजे तांबडे लुगडे, येत असे. आणि युरोपात नववधूने पांढरा पोशाख घालण्याची प्रथा १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या विवाहात तो घातल्यानंतर विशेष लोकप्रिय झाली. रंगाचा अर्थ समाज घडवतो आणि बदलतोही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे आपल्या हातूनही तो जाणतेपणाने वापरला जातो.

यातून कामासाठी निघणाऱ्या गोष्टी अशा. प्रवेशद्वारासमोरच्या किंवा देवघराशेजारच्या भिंतीवर संपूर्ण पांढरे, थंड छटेचे शिल्प लावण्याआधी घरातल्या आजी-आजोबांना विचारावे. त्यांना ते सुतकी वाटले तर त्यांच्याशी वाद घालू नये. एखादी पितळी कडी, हळदीच्या रंगाचा सुती दोरा किंवा कुंकवाच्या लाल रंगाचा एकच गोल त्या रचनेत यावा. हा उष्ण भाग एकूण क्षेत्रफळाच्या विसाव्या हिश्शाहून मोठा नसावा, नाहीतर पांढरा केवळ पार्श्वभूमी उरतो. आणि तो मध्यभागी न ठेवता किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे नजर तिथे थांबून पुन्हा पांढऱ्याकडे वळते.

काय घ्यावे आणि काय घेऊ नये

इंदूरमध्ये या कामाला अनुकूल वातावरण आहे. २०१७ ते २०२३ या काळातील स्वच्छ सर्वेक्षणांत हे शहर सलग पहिले आले, आणि त्यामागे घरोघरी होणारे कचऱ्याचे सहा भागांतील वर्गीकरण आहे: ओला, सुका, प्लास्टिक, घरगुती घातक, सॅनिटरी आणि इलेक्ट्रॉनिक. इथल्या विश्रामबागेत लोखंडी भंगारातून अयोध्येच्या राममंदिराची प्रतिकृती उभी राहिली आहे. म्हणजे भंगारातून काही घडते हे इथे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. वस्तू मात्र कचरागाडीत पोहोचण्याआधीच मिळवाव्यात: स्वतःच्या माळ्यावरून, शेजाऱ्यांकडून, सुताराच्या कारखान्यातून, जुने घर पाडले जात असेल तिथून मालकाची परवानगी घेऊन, किंवा कबाड्याकडून वजनाच्या भावाने.

आपल्या घरांत सहसा सापडणाऱ्या वस्तूंपैकी तुटलेल्या पलंगाचे कातीव पाय, मोडक्या पाटाच्या फळ्या, भिंतीतल्या लाकडी खुंट्या, जुन्या दारांच्या जाळ्या, दोऱ्याची लाकडी रिळे, पाळण्याचे दांडे, दाते गेलेली किसणी, कान तुटलेल्या बरण्या आणि बशांचे तुकडे विशेष उपयोगी पडतात. इंदूर हे कापड गिरण्यांचे शहर होते. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. गिरण्यांच्या काळातील लाकडी बॉबिन (सूत गुंडाळायच्या नळ्या) कबाड्याकडे मिळाले तर जरूर घ्यावेत. त्यांचा आकार सुबक आणि सगळ्यांचा सारखा असतो, त्यामुळे पांढऱ्या रचनेत त्यांच्या ओळी लावल्या की सावल्यांना ताल येतो.

निवडताना रंग पाहू नये, खोली पाहावी. सपाट वस्तू कितीही सुंदर असली तरी पांढऱ्याखाली तिचे काही उरत नाही. भोक असलेली, पोकळ, कातलेली, खाचा पडलेली किंवा वाकलेली वस्तू पांढऱ्याखाली जिवंत होते.

काही वस्तू घेऊ नयेत. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ते कापणे किंवा घासणे फुप्फुसांना घातक आहे. जुन्या फ्लोरोसंट ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. बॅटऱ्या आणि सर्किटच्या पाट्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातच जाव्यात. जुन्या तैलरंगाने रंगवलेल्या दारांबाबत फार सावध राहावे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) अधिक नसावे हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या रंगांत शिसे बरेच अधिक असू शकते. अशा लाकडावर कोरडा रेगमाल (सँडपेपर) कधीच घासू नये. पृष्ठभाग ओला करून वॉटर पेपरने, म्हणजे ओल्यावर चालणाऱ्या रेगमालाने, घासावा, तोंडाला चांगला मास्क लावावा, गाळ फडक्याने टिपून ते फडके घातक कचऱ्यात द्यावे आणि या कामाच्या वेळी लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना जवळ येऊ देऊ नये. रंग सुटत असेल, पापुद्रे धरत असतील, तर ती वस्तू सोडून देणेच बरे.

देवघरातील लाकूड, देवाच्या तसबिरी आणि खंडित मूर्ती सजावटीत वापरू नयेत. त्यांच्या विसर्जनाची रीत घरोघरी ठरलेली असते आणि तिचा मान राखावा. फुटकी काच किंवा फुटके भांडे घरात ठेवू नये असे मानणारेही पुष्कळ आहेत. माझ्या मते या समजुतीत एक डिझाइनचा नियम दडलेला आहे: तुटलेली कड उघडी राहिली तर वस्तू मोडकी दिसते, आणि ती कड चौकटीत, सिमेंट-वाळूच्या मसाल्यात किंवा दुसऱ्या वस्तूच्या आड बसवली तर तीच वस्तू रचनेचा भाग होते. म्हणून प्रत्येक तुकड्याची मोडलेली बाजू कुठे लपणार हे आधी पाहावे.

पांढरा वर: एकरंगी रचना

पहिल्या प्रयत्नासाठी साधारण ६० × ९० सेंटिमीटरची, १२ मिलिमीटर जाडीची प्लायवूडची पाठ किंवा तेवढीच जुन्या दाराची फळी घ्यावी आणि तिच्या चारही बाजूंना ८ ते १० सेंटिमीटर खोलीची पट्टी लावून उथळ पेटी करावी. ही पेटी महत्त्वाची आहे, कारण तिच्या कडा सावली पकडून ठेवतात आणि आतल्या वस्तूंना सीमा देतात. पेटी जमिनीवर ठेवून वस्तू काहीही न चिकटवता रचून पाहाव्यात. उंचीचे किमान तीन स्तर असावेत: पाठीला लागून असलेल्या वस्तू, मधल्या वस्तू आणि पेटीच्या काठापर्यंत येणाऱ्या वस्तू. मोठी वस्तू एकच असावी. रिकामी जागाही हवी. सगळी पेटी ठासून भरली की डोळ्याला विसावा मिळत नाही.

रंग देण्याआधी ही रचना पांढऱ्यात कशी दिसेल हे पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. मोबाइलवर तिचे छायाचित्र काढून ते कृष्णधवल करावे. लाल रीळ, निळी झाकणी आणि पिवळी फळी यांच्यातला रंगाचा झगडा एका क्षणात नाहीसा होतो आणि कुठे आकार कमी पडतो, कुठे गर्दी झाली आहे, हे स्पष्ट कळते. हे छायाचित्र सकाळच्या तिरप्या उन्हात काढावे. दुपारी वरून येणाऱ्या सपाट उजेडात काहीच समजत नाही.

मग जोडणी करावी. लाकडाला लाकूड फेविकॉलने चिकटवून पाठीमागून स्क्रू मारावा. धातूची वस्तू तारेने किंवा स्क्रूने बांधावी, केवळ गोंदावर सोडू नये. चिनी मातीचे तुकडे एम-सीलसारख्या इपॉक्सीने बसवावेत. लाकडात वाळवी किंवा घुण आहे का हे टोचून पाहावे. भोकांतून पीठ पडत असेल तर ते लाकूड घरात आणू नये. लोखंडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइड प्राइमर द्यावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पांढऱ्यावर तांबूस ओघळ येतील.

आता ज्या गोष्टीकडे जवळजवळ प्रत्येक जण दुर्लक्ष करतो ती सांगतो. सागवान, बाभूळ आणि इतर काही लाकडांत टॅनिन नावाचे, पाण्यात विरघळणारे तपकिरी द्रव्य असते. त्यांच्यावर पाण्यात मिसळणारा पांढरा रंग दिला की काही तासांत त्यातून पिवळसर तपकिरी डाग वर येतात, आणि पुन्हा रंग दिला तरी पुन्हा येतात. गाठींच्या जागी तर फारच. पांढऱ्याचे आणखी थर देणे हा त्यावर उपाय नाही. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे दोन पातळ हात आधी द्यावेत. लाखेचा थर टॅनिनला अडवून धरतो आणि त्यावर रंग स्वच्छ राहतो. जुन्या इंदुरी घरांचे लाकूड बहुधा सागाचे असते, म्हणून ही पायरी गाळू नये.

लाख वाळल्यावर पांढऱ्या वूड प्राइमरचा एक हात द्यावा, रात्रभर वाळू द्यावे, २२० क्रमांकाच्या रेगमालाने हलके घासावे, पुसून घ्यावे आणि मॅट अॅक्रिलिक पांढऱ्याचे दोन पातळ हात द्यावेत. जाड थर दिला तर नक्षीच्या खाचा बुजतात. खोलगट जागी आधी लहान गोल ब्रशने रंग पोहोचवावा, मग रुंद ब्रशने वरून फिरवावा, आणि कोपऱ्यात साचलेला रंग लगेच कोरड्या ब्रशने टिपून घ्यावा. चकाकणारा रंग टाळावा. त्याच्यावर उजेड परावर्तित होतो आणि सावल्या फिक्या पडतात, तर या कामात सावली हाच दुसरा रंग असतो. तैल एनॅमल आणखी एका कारणाने टाळावा: तो काळोख्या जागी काही वर्षांत पिवळा पडतो.

दुकानात पांढरा म्हणून जे मिळते त्यात अनेक छटा असतात. पुठ्ठ्याच्या तीन तुकड्यांवर तीन पांढरे करून पाहावेत. एक शुद्ध ठेवावा, दुसऱ्यात पिवळ्या मातीच्या रंगाचा थेंब घालावा, तिसऱ्यात काळ्याचा अगदी सूक्ष्म अंश घालावा. हे तुकडे ज्या भिंतीवर काम लागणार तिथेच टांगून सकाळी, संध्याकाळी आणि रात्री दिव्याखाली पाहावेत. पहिला बर्फाळ वाटू शकतो. दुसरा जुन्या सुती कापडाच्या जवळ जातो आणि मराठी घरातल्या लाकूड-पितळेशी त्याचे उत्तम जमते. मी बहुतेक वेळा तोच सुचवतो. तिसरा शांत असतो, पण उत्तरेकडच्या अंधाऱ्या खोलीत मळकट दिसतो.

मातीच्या कुंड्या, विटा आणि कौले यांच्यासाठी अॅक्रिलिकपेक्षा चुना अधिक शोभतो. कळीचा चुना पाण्यात सावकाश सोडावा. चुन्यावर पाणी ओतू नये, कारण तो एकदम तापून उसळतो. डोळ्यांवर गॉगल आणि हातांत मोजे हवेतच. विझवलेला चुना काही दिवस पाण्याखाली ठेवून, गाळून, दुधाइतका पातळ करावा आणि त्यात थोडा डिंक घालावा. पृष्ठभाग ओलसर करून पातळ हात द्यावेत. ओला असताना चुना जवळपास पारदर्शक दिसतो आणि रंग चढलाच नाही असे वाटते. तो वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीच्या रूपात जातो आणि तेव्हाच खरा पांढरा प्रकट होतो. म्हणून घाईने दुसरा हात देऊ नये. अॅल्युमिनियमवर आणि जुन्या तैलरंगावर चुना लावू नये. पहिल्याला तो खातो आणि दुसऱ्यावर तो धरत नाही.

पांढरा मागे: वस्तू जशी आहे तशी

एखाद्या घरात वर्षानुवर्षे पोळ्या लाटून मध्यभागी किंचित खोलगट झालेले पोळपाट असते. त्याच्या कडेला विळीचे बारीक घाव असतात, तेलाने एक बाजू गडद झालेली असते, एक पाय जरा आखूड झालेला असतो आणि पोळपाट टेकले की ते त्या बाजूला झुकते. या वस्तूवर पांढरा रंग दिला तर ती एक वर्तुळ होईल. तिच्यामागे पांढरे ठेवले तर तो खोलगटपणा, ते घाव आणि तो गडद भाग दिसतील, आणि त्या घरातील माणसे त्या वस्तूसमोर थांबतील.

मागचा पांढरा शक्यतो तोही जुनाच असावा. विरलेले सुती धोतर किंवा पंचा स्वच्छ धुऊन, तांदळाच्या कांजीत बुडवून, लाकडी चौकटीवर ताणून बसवला की अतिशय सुंदर भूमी तयार होते. तिच्यातली वीण उजेडात दिसते आणि ती नव्या कॅनव्हाससारखी कोरी वाटत नाही. कापड विरलेले असल्याने त्याच्यामागे पातळ प्लायवूड ठेवावे आणि वस्तूंचे वजन कापडावर न टाकता त्या प्लायवूडवर टाकावे. कापडाला डाग असतील तर ब्लीच वापरून ते पार नाहीसे करण्याचा खटाटोप करू नये; फिकट डाग राहू द्यावेत.

वस्तू साबणाच्या कोमट पाण्याने पुसून सावलीत वाळवाव्यात. कोरड्या पडलेल्या लाकडाला जवसाच्या तेलाचा एक पातळ हात द्यावा आणि जास्तीचे तेल पुसावे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून ती उघड्यावर पसरून वाळवावीत आणि मगच टाकावीत. पितळ लख्ख घासायचे की नाही हा प्रश्न नेहमी विचारला जातो. हात जिथे लागत असे तो भाग चमकता ठेवावा, खाचांतला काळेपणा राहू द्यावा.

या मांडणीत वस्तूंनी एकूण जागेचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग व्यापू नये. तीन वस्तू असतील तर पाच करण्याचा मोह आवरावा. वस्तू पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे उचलून लावल्या की त्यांची सावली पांढऱ्यावर पडते आणि त्या तरंगल्यासारख्या दिसतात. चौकटीच्या पाठीमागे, पेन्सिलने, वस्तू कुणाची होती आणि कोणत्या कामाची होती हे लिहून ठेवावे. पुढच्या पिढीला विळी आणि किसणी यांची ओळख असेलच असे नाही.

गच्चीवरचा पांढरा

याच विचाराचे एक उपयुक्त रूप आपल्याकडे फार पूर्वीपासून रुळलेले आहे आणि त्याला आपण चायना मोझॅक म्हणतो. टाइलच्या दुकानांत आणि बांधकामांवर फुटलेल्या पांढऱ्या ग्लेझ्ड टाइलचा ढीग पडलेला असतो. गच्चीवर साधारण १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार देऊन मसाल्याच्या थरात हे तुकडे बसवावेत, सांधे पांढऱ्या सिमेंटने भरावेत आणि आठवडाभर पाणी मारावे. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा पांढरी गच्ची उन्हाचा मोठा भाग परत फेकते आणि खालची खोली कमी तापते. गळती असेल तर ती आधी काढावी, कारण मोझॅक हे गळतीवरचे औषध नाही. तुकडे बसवताना धार खाली जाईल असे पाहावे. धूळ बसली की पांढऱ्याचा हा गुण कमी होतो, म्हणून उन्हाळा सुरू होण्याआधी गच्ची घासून धुवावी.

लावणे, उजेड आणि देखभाल

शिल्प टांगण्याआधी ते वजनकाट्यावर तोलावे. दहा किलोच्या पुढे गेले तर एका खिळ्यावर विसंबू नये. ४५ अंशांत तिरकी कापलेली लाकडी पट्टी भिंतीवर रावळ प्लग आणि स्क्रूने बसवावी, तशीच दुसरी उलटी पट्टी शिल्पाच्या पाठीला लावावी आणि एकीवर दुसरी अडकवावी. वजन सगळ्या लांबीवर वाटले जाते आणि साफसफाईसाठी शिल्प सहज उतरवता येते. चुन्याच्या जुन्या भिंतीत प्लग सैल बसतात, तिथे वीट लागेपर्यंत खोल भोक पाडावे.

उजेड समोरून नको, बाजूने हवा. खिडकीला काटकोनात असलेली भिंत उत्तम. दिवा लावायचाच असेल तर तो भिंतीच्या जवळ, एका कडेला, ३००० केल्विनच्या आसपासचा घ्यावा (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप आहे; आकडा कमी तितका उजेड पिवळसर). ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली पांढरे शिल्प निळसर आणि रुग्णालयासारखे दिसते, आणि मग उष्ण छटा निवडण्यासाठी घेतलेले कष्ट वाया जातात. स्वयंपाकघराजवळ एकरंगी पांढरी रचना लावू नये. फोडणीची वाफ खाचांत बसते आणि ती निघत नाही.

धूळ आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली झाडावी. ओले फडके मॅट रंगावर चकाकते पट्टे उमटवते. शिल्पासाठी मिसळलेला पांढरा थोडासा काचेच्या लहान बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवावा आणि तिच्यावर रंगाचे नाव, क्रमांक आणि त्यात काय मिसळले ते लिहावे, कारण टवका उडाल्यावर तीच छटा पुन्हा जुळवणे फार अवघड जाते. ब्रश धुतलेले रंगाचे पाणी थेट मोरीत ओतू नये. बादलीत राहू द्यावे, रंग तळाशी बसला की वरचे पाणी काढावे आणि वाळलेला साका, उरलेले डबे व थिनरची बाटली घरगुती घातक कचऱ्याच्या डब्यात द्यावी. न वापरलेले लाकडाचे तुकडे सुक्या कचऱ्यात न देता सुताराकडे परत न्यावेत; त्याला पाचर म्हणून त्यांचा उपयोग असतोच.